नळाच्या रांगेतली भामा

संगमनेरात पाथरवट गल्लीच्या तोंडाशी एक नळ होता. त्या नळाच्या रांगेत एक मुलगी दोन वर्षं सगळ्यांत पुढं उभी होती, आणि तिची कळशी काही कधी भरली नाही. दगडाची असल्यामुळं तिची तक्रार नव्हती. तिला तिथं उभी केली गहिनीनाथ पाथरवटानं. ती त्याची एकुलती एक मुलगी, भामा.

आता पाथरवटानं आपल्या मुलीची मूर्ती का करावी, आणि केली तर ती नळावर नेऊन का उभी करावी, हे नीट सांगायला हवं. कारण पुढं जे झालं त्याचा दोष गावावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. गहिनीनाथानंही काही दिवस तेच केलं.

त्याच्या घरात तीन पिढ्या जाती, पाटे, वरवंटे आणि उखळं घडवली गेली होती. गावात पिठाच्या गिरण्या झाल्या तसं जात्याला कुत्रं विचारेना. पाटा-वरवंटा मात्र चालायचा, आणि वर्षाकाठी एखाद्या देवळाचा नंदी नाहीतर पायरीवरचं कासव मिळायचं. माणूस त्यानं कधी घडवला नव्हता. "नंदी बरा," तो म्हणायचा, "माझं नाक असं न्हाई म्हनून भांडाया येत न्हाई."

भामा दहा वर्षांची होती. काडीसारखी अंगानं आणि तोंडानं सुरीसारखी. घरातलं एकच काम तिच्या वाट्याला होतं, पण ते ती जिवापाड करायची. नळ सकाळी सहाला यायचा. ही पाचालाच कळशी कमरेवर घेऊन पहिला नंबर धरायची. तिच्या पुढं घुसायची आक्काबाईचीसुद्धा छाती नव्हती, आणि आक्काबाई म्हणजे गल्लीतली सर्वांत मोठ्या आवाजाची म्हातारी. "ह्या पोरीचा नवरा पानी इकत घिऊन पिईल, पर हिच्याशी भांडायचा न्हाई," असं आक्काबाई सगळ्या रांगेला ऐकवायची, आणि भामा तिलाही उलटं उत्तर द्यायची.

सत्तर सालच्या श्रावणात भामाला मुदतीचा ताप आला. एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

तिचा फोटो नव्हता. दिवाळीला नवा परकर शिवला की बाजारपेठेतल्या स्टुडिओत नेऊन काढू, असं ठरलं होतं. दिवाळी आली तेव्हा परकराचं कापड तसंच घडीत पडलं होतं. साळूबाईनं, म्हणजे भामाच्या आईनं, ते ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि वरून सगळं सामान दाबून बसवलं. नळावर जायचं तिनं सोडून दिलं. ती प्रवरेच्या पात्रात जाऊन झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं हंडा भरून आणायची. येता-जाता नळाचा रस्ता लागू नये म्हणून लांबचा वळसा घ्यायची.

भामाला जाऊन चारेक महिने झाले असतील. एका दुपारी साळूबाई बाजरी पाखडत बसली होती आणि गहिनीनाथ समोर पाट्याला छिन्नी मारत होता. पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं.

"मला तिचं तोंड दिसत न्हाई," ती म्हणाली. "आवाज येतो. हाक मारल्याली ऐकू येती. पर तोंड म्हनून आनाया गेले की शेजारच्या पोरीचंच येतं. तुमाला दिसतं का?"

"दिसतं," गहिनीनाथ म्हणाला, आणि ते खरं होतं. डोळे मिटले की त्याला भामा पुरी दिसायची. कपाळावरची खोक, एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर चढलेली, आणि खालचा ओठ असा पुढं काढलेला की आता ही काहीतरी बोलणारच.

"मंग मला दाखवा," साळूबाई म्हणाली.

ती वेड्यासारखं बोलून गेली होती. पण त्यानं ते मनावर घेतलं. बायकोनं लग्नानंतर त्याच्याकडं मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट होती.

मात्र त्यानं दगड आणला तेव्हा साळूबाई दारात आडवी उभी राहिली. "घरात न्हाई," ती म्हणाली. "गेलेलं मानूस दगडाचं करून घरात ठिवत न्हाईत. उठता-बसता तीच दिसाया लागली तर मी ह्या घरात राह्यची न्हाई. कुठं बी उभी करा. मला झेपंल तवा मीच यीन बघाया." हा शब्द तिनं दिला, आणि तेवढ्या शब्दावर गहिनीनाथानं परसात पोत्यांचा आडोसा करून काम सुरू केलं.

त्याच सुमारास नळापाशी नगरपालिकेनं ओटा आणि मागं पुरुषभर उंचीची दगडी भिंत बांधायला काढली. कामावर गल्लीतलेच पाथरवट होते, गहिनीनाथही होता. जागा त्याला समोरच सापडली. भामा जिथं रोज पाचाला उभी राहायची तिथंच ती उभी राहील. साळूला वाटेल तेव्हा ती येईल आणि बघेल.

चबुतरा करायचा नाही हे त्यानं पहिल्यांदाच ठरवलं. चबुतऱ्यावर चढलं की माणसाचा पुतळा होतो, मग त्याला वर्षातून एकदा हार आणि रोज कावळे. भामाला वर चढवली असती तर तिनंच खाली उतरून वाद घातला असता. म्हणून पायाखाली काही नाही, थेट जमीन. दगड भिंतीचाच काळा. परकराच्या घोळावर छिन्नीचे घाव तसेच आडवे, जसे भिंतीच्या चिऱ्यांवर होते. पाठीमागं हातभर दगड ओबडधोबड सोडला आणि तो भिंतीत बसवला. तोंड तेवढं त्यानं महिनाभर घासलं. करताना काही अडलं की तो घरात ऐकू जाईल असं विचारायचा, "खोक उजवीकडं हुती का डावीकडं?" साळूबाई उठून चुलीपाशी जाऊन बसायची. मग तो डोळे मिटून स्वतःच बघून घ्यायचा.

मूर्ती भिंतीत अशी काही बसली की ओव्हरसियर साहेब माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी टेपचं एक टोक भामाच्या खांद्यावर धरायला लावलं, भिंत मोजली, "काम ठीक" म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले. मुलगी त्यांना दिसलीच नाही. गहिनीनाथ त्या दिवशी पोर गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

बायांना मात्र दुसऱ्याच दिवशी दिसली. अजून पुरतं फटफटलं नव्हतं. पलीकडच्या आळीतली एक बाई म्हणाली, "ए पोरी, सरक की जरा, पाय ठेवाया जागा न्हाई." पोरगी सरकेना. बाईनं तिच्या दंडाला धरलं आणि किंचाळून हात मागं घेतला. मग आक्काबाई पुढं आली. तिनं दगडाच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरची खोक बोटानं चाचपली आणि मटकन ओट्यावर बसली.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर आपली भामी."

नळ आला तरी पहिली कळशी लावायला कुणी पुढं होईना. शेवटी आक्काबाईच उठली आणि दटावून म्हणाली, "ही कोन हाय ते भाईर कुटं बोलायचं न्हाई. नगरपालिकेच्या कानावर गेलं तर उपटून टाकतील."

बायांनी तोंड मिटलं आणि भामा रांगेत मिसळून गेली. तिच्या डोक्यावर बाया आपापल्या चुंबळी ठेवायच्या. कडेवरचं पोर खाली सोडायचं तर तिच्या आधारानं उभं करायच्या. तिच्या बरोबरीच्या मुली तिच्याशी खांद्याला खांदा लावून उंची मोजायच्या. वर्षाच्या आत सगळ्या तिच्यापेक्षा उंच झाल्या. गहिनीनाथ पाटे विकायला निघाला की त्या वाटेनं जायचा. लांबून पाहिलं तर भिंतीपाशी नुसती रांग दिसायची, आणि त्यात आपली कोणती हे त्यालासुद्धा क्षणभर शोधावं लागायचं. ते शोधणं त्याला फार आवडायचं. जिवंत असताना शाळेच्या दारात तो तिला असाच शोधायचा.

दर अमावास्येला, त्या दिवशी छिन्नी बंद असायची म्हणून, तो साळूबाईला विचारायचा, "येतीस का?"

"आजून न्हाई," ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. मूर्ती करेपर्यंत डोळे मिटले की त्याला भामा दिसायची. पळणारी, चिडलेली, जेवताना मान वळवलेली. मूर्ती झाल्यावर दिसायची ती मूर्तीच. त्याला वाटलं एकच आहे. मूर्ती तिथं रोज बघायला मिळत होती, त्यामुळं फरक पडला नाही.

बहात्तर साल उजाडलं आणि पाण्याची दशा झाली. आदल्या वर्षीचा पाऊस कोरडाच गेला होता. नळ एक दिवसाआड, तोही घटकाभर. खेड्यापाड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर, पोटात रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी. गावात टँकर फिरू लागले आणि टँकरला पाथरवट गल्लीच्या तोंडाशी वळायला जागा पुरेना. भिंत आडवी येत होती.

वॉर्डाचे सभासद आबासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एका वेळी एकच गोष्ट दिसायची, आणि त्या वर्षी टँकर दिसत होता. वैशाखातल्या एका सकाळी गहिनीनाथ त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला.

"भिंत पाडत्यात म्हनं."

"उद्या पहारी लागतील. सहा हात मागे घेणार. दगड वाया जायचा नाही, खडीला जाईल."

"तिच्यात एक मूर्ती हाय, आबासाहेब."

"कुठली मूर्ती?" आबासाहेबांनी विचारलं. रोज त्या वाटेनं जाऊन त्यांना ती ठाऊक नव्हती. गहिनीनाथानं मग पहिल्यांदाच गल्लीबाहेरच्या माणसाला ती कोण ते सांगितलं. आबासाहेब म्हणाले, "वाईट झालं रे पोरीचं. पण नगरपालिकेच्या भिंतीत तुझ्या घरचं माणूस? उद्या जो तो आपला आजा आणून उभा करील. काढून घेऊन जा की घरी."

घरी नेता येत नव्हतं. आणि काढायची तर मागची भिंत हातानं उकलायला चार दिवस हवे होते. पहार लागली असती तर ती मानेतच तुटली असती. दगडाचा स्वभाव गहिनीनाथाला पुरता माहीत होता. भामाचं डोकं खडीत जाईल, त्यावर डांबर पडेल, आणि साळू जेव्हा केव्हा म्हणेल "चला, दाखवा", तेव्हा तिला रस्ता दाखवावा लागेल. हे मनात आलं आणि तो ओसरीवरून थेट बाजारपेठेत गेला.

भर दुपारी, नळाचा दिवस नव्हता म्हणून तिथं चिटपाखरू नसताना, तो वाटीत तेल आणि पुडीत शेंदूर घेऊन नळावर आला. पाथरवटाच्या पोरीसाठी कुणी पहार खाली ठेवणार नव्हतं. शेंदरासाठी सगळे ठेवतात, हे तो आपल्या नंदी-मारुतींच्या धंद्यातून शिकला होता. त्यानं तिच्या कपाळावर एक बोट ओढलं. ते नुसतं कुंकवासारखं दिसलं, तेवढ्यानं भागेना. मग दंडांना लावला, गळ्याला लावला, परकराच्या काठाला लावला. गाल, डोळे, ओठ यांना मात्र त्यानं शेंदराचा हात लागू दिला नाही. एक नारळ फोडला. लावता लावता तो तिच्याशी बोलत होता, "दोन दिस कळ काढ बाई. मानसं गेली की पुसतो."

सकाळी मुकादम आठ माणसं आणि पहारी घेऊन आला. मूर्ती बघून त्यानं वहाणा काढल्या.

"ही कवापासून हाय?"

"पयल्यापासून," गहिनीनाथ म्हणाला.

"देवी हाय?"

रांगेतल्या बाया ऐकत होत्या. आक्काबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"देवी हाय," गहिनीनाथ म्हणाला.

मुकादमानं डाव्या-उजव्या बाजूची भिंत पाडली, मधला तिचा तुकडा सोडला आणि रस्ता तेवढा वळवला. गहिनीनाथ घरी आला आणि साळूबाईला म्हणाला, "वाचली." तिनं कसं म्हणून विचारलं नाही. तिनं नुसते देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, आणि त्या दिवशी त्याला वाटलं, आपण आयुष्यात एक काम शहाणपणाचं केलं.

तो शेंदूर पुसायला गेला तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी भंडारदरा धरणाचं पाणी नदीला सुटलं होतं. ते सुटायचंच होतं, कागदावर तारीख होती. पण नळाचा दिवस नसताना त्या सकाळी नळाला घटकाभर पाणी आलं, आणि वळणावर थांबलेल्या टँकरच्या ड्रायव्हरनं सगळ्यांदेखत मूर्तीपुढं कपाळ टेकलं. गहिनीनाथ हातात फडकं घेऊन पोचला तेव्हा तिथं पाच-पंचवीस बाया होत्या आणि सगळ्यांच्या हातात वाट्या होत्या. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि पटका बांधायला आणल्यासारखं दाखवून परत आला.

मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी. खडीच्या कामावरच्या बाया चार-चार कोस चालून यायच्या. त्यांना भामी कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या म्हणायच्या, नळाची आई. ती पाणी आणते. त्यांचे ओठ फुटलेले असायचे, आणि देवीला लावायला आणलेलं बोटभर तेल घरातलं शेवटचं असायचं. त्यांना काय म्हणून अडवणार? गालांना लागला, डोळ्यांना लागला. एकदा त्यानं पाहिलं तर आक्काबाईच वाटी घेऊन ओठांवर हात फिरवत होती.

"आक्का, तोंडाला नको गं लावू," तो म्हणाला.

"आरं, देवीला तोंडाला न्हाई तर कुटं लावायचा?"

"आक्का, ती भामी हाय. तूच पयल्यांदा वळखलीस."

आक्काबाईचा तो मोठा आवाज त्या दिवशी एकदम खाली आला. "व्हती, बाबा. माजी सून खडीवर हाय, धा दिवसांचं पोर घिऊन. तिला दूध येत न्हाई. मी कुनापाशी मागू? तुजी पोर दिती म्हनत्यात, तर दिऊ दे की. तू नगं आडवा येऊ."

दिवाळीपर्यंत नाक बुजलं. पाऊस त्या वर्षीही फिरकला नाही, तसे थर वाढतच गेले. गहिनीनाथ सोपान गुरवाकडं गेला. शेंदूर काढता येतो का, असं त्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी देवाचं निमित्त करून विचारलं.

"लोखंड लावायचं न्हाई," सोपान म्हणाला. "खोळ आपुआप गळती. थर लई झाले की एक दिस समदी खोळ खाली येती, आन आतला देव जसाच्या तसा निघतो. माझ्या आज्यानं बघितलीया एक."

"किती वर्सांनी?"

"असतील साठ-सत्तर," सोपान म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

गहिनीनाथ तसाच आबासाहेबांकडं गेला. ती देवी नाही, माझी पोर आहे, लोकांना सांगा, असं म्हणाला. आबासाहेब आता देवीवर पत्र्याचं छप्पर घालायच्या विचारात होते. त्यांना आता मूर्ती चांगली दिसत होती. ते शांतपणे म्हणाले, "पोर आहे हे तू मला सांगितलंस, ते मी विसरलो नाही. पण मुकादमाला देवी म्हणून कुणी सांगितलं, गहिनीनाथ? मी तर नाही." ओसरीच्या पायऱ्या तो खाली मान घालून उतरला.

संक्रांतीला एका टँकरवाल्यानं चांदीचे डोळे वाहिले. ते शेंदरात दाबून बसवले. मोठे, गोल, पांढरे. भामाचे डोळे बारीक होते.

त्या संध्याकाळी गहिनीनाथानं परसातल्या फरशीवर खडूनं तिचं तोंड काढायला घेतलं. दुसरी करू, असं त्याच्या मनात होतं. हात शाबूत आहेत, दगड आहे. त्यानं डोळे मिटले. तांबडा गोळा आला आणि त्यात चांदीचे दोन डोळे. त्यानं पुन्हा मिटले. खोक कुठल्या बाजूला होती ते आठवेना. भुवई कुठली वर होती ते आठवेना. त्यानं पळणारी भामा आणून पाहिली, जेवणारी आणून पाहिली. परकर दिसला, हात दिसले, वर तेच डोळे. डोक्यात होतं ते त्यानं एकदाच काढून दगडात ठेवलं होतं, आणि डोक्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. खडू हातात धरून तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला. साळूबाईनं दोनदा जेवायला हाक मारली.

माघात एका सकाळी साळूबाई न्हाली. केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तीन अमावास्या झाल्या," ती म्हणाली. "तुमी आता येतीस का म्हनून इचारीत न्हाई."

गहिनीनाथ पाट्याला छिन्नी मारत राहिला.

"मला आता झेपंल असं वाटतंय. चला, दाखवा."

"आज गर्दी असंल," तो म्हणाला.

"असू द्या. ती गर्दीतच उभी ऱ्हायची."

मग तो उठला. वाटेत त्याला दहा वेळा वाटलं की थांबून सांगावं. पण ती पुढं चालली होती, अडीच वर्षांत कधी नव्हती इतकी भरभर, आणि पदर सारखा करत होती. लेकीच्या सासरी पहिल्यांदा निघालेली आई जशी चालते तशी ती चालत होती. तो तिच्या मागं मागं चालत राहिला.

नळाच्या वळणावर बायांची रांग लागली होती. साळूबाईला बघून गल्लीतल्या बायांनी एकेक करून वाट्या पदराआड घेतल्या. साळूबाईनं रांगेवरून नजर फिरवली. देवीच्या नव्या पत्र्याच्या छपरावरून, शेंदरावरून ती नजर तशीच पुढं गेली, पाडलेल्या भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

"कुटं हाय?" तिनं विचारलं.

गहिनीनाथानं बोट दाखवलं. तिनं बोटाकडं पाहिलं, मग तांबड्या गोळ्याकडं.

"ही देवी झाली. भामी कुटं हाय?"

"आत हाय," तो म्हणाला.

साळूबाई पुढं झाली. बायांनी वाट करून दिली. बाहेरगावच्यांना वाटलं दर्शनाला आली. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि त्या तोंडावर घासलं, लहान पोराचं नाक पुसावं तसं. पदर तांबडा झाला. खालून दुसरा तांबडा थर निघाला. ती घासत राहिली. बाहेरगावची एक बाई ओरडली, "आगं ए, देवीला काय करतीस?" आक्काबाईनं त्या बाईचं मनगट धरलं आणि तिला मागं ओढलं.

"कुनी केलं हे?" साळूबाईनं वळून विचारलं. "माझ्या पोरीचं तोंड कुनी बुजवलं?"

आक्काबाईनं मान खाली घातली. "आमी समद्यांनी, साळू," ती म्हणाली.

तिथंच ते संपलं असतं. गहिनीनाथ गप्प राहिला असता तर साळूबाईनं गावाला शिव्या घातल्या असत्या, गावानं त्या ऐकून घेतल्या असत्या, आणि नवरा-बायको घरी आले असते. पण आक्काबाईचं ते बोलणं त्याला सोसलं नाही.

"पयलं बोट माझं हाय," तो म्हणाला. "भिंत पाडीत हुते. खडीत जाईल म्हनून म्याच लावला. म्याच देवी म्हनालो."

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली. तो मार खायला उभा राहिल्यासारखा उभा होता, आणि तिनं मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिनं मारलं नाही. ती त्याच्या जवळ आली आणि बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "असू द्या. वाचवाया गेलात तुमी. तुमी केलीया ना ती, तुमाला तर दिसती. मला सांगा. कपाळापासून सांगा. मी डोळं मिटते."

आणि तिनं खरंच डोळे मिटले, तिथं रस्त्यात, रांगेच्या तोंडाशी, तांबडा पदर हातात धरून.

गहिनीनाथानं तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं, कसलंही, दुसऱ्या कुणा पोरीचं सांगितलं तरी तिला कळणार नव्हतं. पण भामाच्या बाबतीत एकदा खोटं बोलून झालं होतं आणि ते त्याच्या समोरच उभं होतं. त्याचे ओठ हलले आणि थांबले. नळातून पाण्याआधीची हवा फुसफुसली. मागच्या बायांनी कळश्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या.

बराच वेळ वाट पाहून साळूबाईनं डोळे उघडले. नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला समजलं.

"तुमालाबी न्हाई का दिसत?" ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग तो, चार माणसांत कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस, रस्त्यात उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडू लागला. साळूबाई त्याच्याशेजारी खाली बसली. नळाला पाणी आलं होतं, आणि पहिली कळशी कुणी लावायची यावरून रांगेत कुणीच भांडत नव्हतं.